ऐकणाऱ्याची सही

कौसल्या गजभियेला जागेपणी स्वप्नं बघायची खोड लहानपणापासून. भाकरी तव्यावर टाकून ती कुठल्या कुठे निघून जायची आणि करपल्याचा वास आला की परत यायची. आई म्हणायची, हिला सासू भेटली की सुटेल ही खोड. सासू काही भेटली नाही, खोड सुटली नाही, आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कौसल्याला अशी नोकरी लागली की तिथे त्या खोडीचं चीज झालं.

नागपुरात सीताबर्डीवर, कापडाच्या दुकानांवरच्या माळ्यावर, दोन खोल्यांत एक कोश तयार होत होता. मराठीत वस्तीला आलेल्या परक्या शब्दांचा कोश. चावी पोर्तुगिजांची, तारीख अरबांची, टेबल इंग्रजांचं; हे सगळे आपल्याकडे कधी आले, कुठून आले आणि आता आपल्यात कसे राहतात, याची नोंद करायची. संपादक होते मधुकरराव पांढरीपांडे. कॉलेजातून निवृत्त झालेले, कपडे कडक इस्त्रीचे आणि स्वभावही तसाच. हाताखाली दोनच माणसं, कौसल्या आणि मारोतराव. मारोतराव दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे आणि उरलेल्या वेळात काम करायचे, पण बाजारात हिंडून शब्द टिपण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

एकेका शब्दाला एकेक कार्ड. कार्डावर तीन खण: अर्थ, मूळ, उपयोग. आणि सगळ्यात खाली एक बारीक रेघ, तिच्याशेजारी छापलेलं, 'ऐकणाऱ्याची सही'. ही रेघ म्हणजे मधुकररावांचा जीव की प्राण. विद्वानांनी पंख्याखाली बसून वाक्यं रचायची आणि ती उपयोग म्हणून कोशात दडपायची, याची त्यांना भयंकर चीड. वाक्य कोणीतरी खरोखर बोललेलं पाहिजे, जसं बोललं तसंच उतरवलेलं पाहिजे, आणि बोलणाऱ्याची साक्ष चालणार नाही. बोलणारा काय, काहीही म्हणेल. ज्याला म्हटलं त्यानं, मी हे ऐकलं, असं लिहून द्यायचं. 'डिस्काउंट' या शब्दासाठी मारोतरावांनी जरीपटक्याच्या बाजारात ताराचंद कापडवाल्याचं बोलणं टिपलं आणि ज्या बाईला तो बोलला होता तिच्या मागे पार भाजीबाजारापर्यंत पळत जाऊन सही आणली. बाईंनी मेथीची जुडी काखेत धरून सही केली होती. त्या कार्डाचं मधुकररावांना फार कौतुक.

कौसल्याचं काम मूळ शोधायचं. खिडकीशी तिचं टेबल, टेबलावर इंग्रजीचा जाडजूड कोश. एखादा शब्द घ्यायचा आणि त्याच्या मागे मागे चालत जायचं. 'पगार'साठी ती गोव्याच्या धक्क्यावर जाऊन आली, 'तारीख'साठी वाळवंटातल्या तंबूत बसून आली. प्रत्यक्षात तिची मजल रामटेकच्या पुढे गेलेली नव्हती. समुद्र तर तिनं पाहिलाच नव्हता. गांधीसागर तलावाच्या मधलं ते झाडांचं बेट आणि थंडीत सकाळी पाण्यावर तरंगणारं धुकं, एवढ्या भांडवलावर ती वाटेल तेवढे समुद्र उभे करायची.

तिचे वडील धोंडबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर होते. छप्पनच्या ऑक्टोबरात, कौसल्या चौदा वर्षांची असताना, सगळं घर पांढरे कपडे घालून दीक्षेला गेलं. परत येताना धोंडबांनी पोरीचा हात घट्ट धरून सांगितलं, "आजपासून कोणी विचारलं तर बौद्ध सांगायचं. मान वर करून सांगायचं." सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मास्तरांनी हजेरीबुक काढून जात विचारली आणि जुनंच काही लिहायला लागले. कौसल्या उभी राहिली आणि म्हणाली, "नाही जी. बौद्ध." सगळा वर्ग मागे वळून बघत होता. मास्तरांनी लिहिलेलं खोडलं आणि ती सांगत होती ते लिहिलं. तो शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा आपण दोन बोटं उंच झालो, असं तिला वाटलं होतं. पुढे आयुष्यात बाकी बऱ्याच गोष्टींना ती घाबरली, पण त्या सकाळची आठवण आली की तिला अजून छान वाटायचं.

धोंडबांची छाती कापसाच्या धुळीनं गेली. पासष्ट साली त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं, सतरा दिवस. तिथे नर्स होती यमुना भोयर. सगळे तिला यमुताई म्हणत. कळमेश्वरची. सोळाव्या वर्षी लग्न झालेलं आणि सतराव्या वर्षी नवऱ्यानं माहेरी आणून घातलेली. मग तिनं नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली. बोलणं तोडून टाकल्यासारखं, हात मात्र मऊ. धोंडबा गेले त्या दुपारी कौसल्या दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. रडूही येत नव्हतं. यमू आली, शेजारी बसली आणि एक संत्रं सोलून फोडी एकेक करून तिच्या हातात ठेवत राहिली. अख्खं संत्रं संपलं. मग कौसल्या रडली.

त्यानंतर वर्षभरानं दोघींनी धंतोलीतच, एका बंगल्याच्या मागच्या अंगाला एक खोली घेतली. घरमालकीण पार्वतीबाईंना सांगितलं, आम्ही मावसबहिणी. एक भोयर आणि एक गजभिये, मावसबहिणी! आडनावावरून जात ओळखणाऱ्या नागपुरात हे शेंबड्या पोराला सांगितलं तरी ते हसेल. पार्वतीबाईंना ते पटलं नव्हतंच. पण दोघी फाटक आठवणीनं लावत, नळाचं पाणी वाया घालवत नसत आणि घरी पुरुषमाणूस फिरकत नसे, एवढ्यावर त्या खूश होत्या.

खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या. एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या, वर एकच मोठी गादी. कोणी पाहुणं यायचं असलं की खाटा दूर व्हायच्या, मध्ये स्टूल यायचं, स्टुलावर तांब्या. पाहुणं गेलं की स्टूल कोपऱ्यात आणि खाटा परत जवळ. ते सगळं यमू करायची, न बोलता. अकरा वर्षांत दोघींनी त्या खाटांविषयी एक शब्द काढला नव्हता. काढायला शब्दच नव्हता. नवरा-बायकोला शब्द आहे, सवतीला आहे, रखेलीलासुद्धा आहे. एकत्र सुखानं नांदणाऱ्या दोन बायांना मात्र कौसल्याला मराठीत एकही शब्द ठाऊक नव्हता, आणि ती तर शब्दांच्याच कचेरीत बसायची.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत धंतोलीतल्या डॉक्टर मधुसूदन यांच्याकडून वैद्यकीय शब्दांचा गठ्ठा आला. हे शब्द कोशाच्या शेवटी परिशिष्टात जायचे. तिथे उपयोगाचं वाक्य लागत नसे, सही लागत नसे. डॉक्टरांनी लिहिलेला अर्थ तसाच छापायचा. कौसल्या 'ल'ची कार्डं लावत होती. लेन्स. लेप्रसी. लेबर पेन. त्याखालच्या कार्डावर होतं, 'लेस्बियन'. अर्थाच्या खणात डॉक्टरांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, 'स्त्रियांना जडणारा एक मनोविकार, ज्यात स्त्रीला स्त्रीचेच आकर्षण वाटते.'

तिनं ते कार्ड वाचलं. आजूबाजूला पाहिलं. मारोतराव खर्रा घोटत होते. तिनं परत वाचलं, आणि मग सवयीनं मूळ शोधायला जाडा कोश उघडला.

तिथे एक बेट होतं. लेस्बॉस नावाचं, ग्रीस देशाच्या समुद्रात. त्या बेटावर राहणारी ती लेस्बियन. मुंबईचा मुंबईकर म्हणतात इतकं सरळ. अडीच हजार वर्षांपूर्वी त्या बेटावर एक बाई राहायची आणि गाणी रचायची. बायांवरच्या प्रेमाची गाणी. त्या गाण्यांवरून पुढे युरोपातल्या लोकांनी तिच्यासारख्या सगळ्याच बायांना तिच्या गावाचं नाव दिलं. त्या बाईचं नावही तिथे दिलेलं होतं. कौसल्यानं ते दोनदा वाचलं आणि कुठे लिहून न ठेवता मनातच ठेवलं.

संध्याकाळी ती बसमध्ये बसली ती थेट बेटावर गेली. बेटावर संत्र्याच्या बागा होत्या, कारण कौसल्याला दुसऱ्या बागा माहीत नव्हत्या. पाणी निळं होतं आणि काठावर खडकांवर बसून बाया लुगडी आपटत होत्या, एकीच्या मांडीवर वाद्य होतं. त्यातल्या दोघी जिना चढून आपल्या घरी गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांना कोणी विचारलं नाही, तुम्ही एकमेकींच्या कोण. सगळ्यांना ठाऊकच होतं. कंडक्टरनं खांद्याशी येऊन, "बाई, उतरा, लास्ट स्टॉप," म्हटलं तेव्हा तिनं डोळे उघडून पाहिलं तर जरीपटका. उलट्याच बसमध्ये चढली होती. ती तिथेच उतरली आणि बाजाराच्या गर्दीतून हसत हसत चालत निघाली. आपण इतक्या जुन्या आहोत, अडीच हजार वर्षं जुन्या, याचाच तिला इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी आनंद ओसरला आणि राग आला. लेप्रसी, लेबर पेन, आणि त्यांच्या खाली आपण! बेटाचा पत्ता नाही, गाण्यांचा पत्ता नाही. उद्या कोणी पोरगी आपल्यासारखीच चाचपडत हा कोश उघडेल आणि तिला कळेल की आपल्याला रोग झाला आहे. कौसल्या कार्ड घेऊन मधुकररावांच्या खोलीत गेली.

"सर, हा शब्द परिशिष्टात नको. मुख्य कोशात घेऊ."

मधुकररावांनी कार्ड वाचलं. चेहऱ्यावर आंबट काही खाल्ल्यासारखा भाव आला. "गजभियेबाई, हा शब्द मराठीत बोलतो कोण? आपल्याकडे असलं काही नाही. डॉक्टरांनी पाठवलाय, जाऊ द्या मागे."

"कोणी बोललं तर?"

"म्हणजे?"

"मराठीत बोललं, आणि ऐकणाऱ्यानं सही केली तर?"

"मग मला आवडो न आवडो, शब्द आत येईल. नियम माझाच आहे," ते म्हणाले. "पण 'ल'ची पेटी येत्या सोमवारी छापखान्यात जाते, हे लक्षात ठेवा."

तो दिवस होता बुधवार.

गुरुवारी सकाळी यमू रात्रपाळीवरून आली. उजाडलं होतं, पण अंगणात अजून धुकं होतं. रात्रपाळी झाली की यमू उंबऱ्यात बसायची आणि कौसल्या घमेल्यात मिठाचं कढत पाणी आणून तिचे पाय त्यात ठेवायची. हा त्यांचा नेहमीचा क्रम होता. यमूनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. कौसल्या पाटावर बसली आणि तिच्या घोट्यांवर पाणी सोडत सांगू लागली. बेटाचं सांगितलं. त्या गाणाऱ्या बाईचं सांगितलं. अडीच हजार वर्षांचं सांगितलं. यमू अर्धवट झोपेत हुंकार देत होती, ओठांच्या कोपऱ्यात हसत होती. "मंग? मंग काय झालं त्या बाईचं?" तिनं विचारलं.

कौसल्यानं मान वर केली. वर्गात उभी राहिली होती तेव्हासारखीच.

"यमू," ती म्हणाली, "आपल्यासारख्या बायांले लेस्बियन म्हणतात. माहा जीव तुह्यावर आहे."

यमूनं डोळे उघडले. घमेल्यातलं पाणी हललं. फाटकाकडे बघत ती हळूच म्हणाली, "गप बस. कोणी ऐकंन."

"कोण ऐकते? तूच ऐकलं."

"काहून बोलली तू हे? अकरा वर्स चाललं ना बिना बोलता?"

तेव्हा कौसल्यानं नवं कार्ड आणलं. अर्थ आणि मूळ तिनं स्वतः लिहिलं होतं. तिन्ही खण तिनं आदल्या दिवशीच भरून ठेवले असते तर सोपं गेलं असतं. पण उपयोगाचा खण तिनं आत्ता, यमूसमोर, ओट्यावर बसून भरला. बोललेलं तसंच्या तसं. मग रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "इथं तुही सही पाहिजे."

यमूनं ते वाचलं आणि पाय घमेल्यातून बाहेर काढले. "तुले समजते का तू काय मागून राहिली?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, बसला होता. "मी दवाखान्यात बायांचे अंग पुसते, कौसे. उद्या हे कोणाले कळलं तर एक बाई मले हात लावू देईन का? पार्वतीबाई ठेवंन का इथं? तुह्यासाठी शब्द आहे हा. माही भाकर जाईन."

"पुस्तकात नाव छापत नाही. सही फक्त कार्डावर राह्यते."

"कचेरीत तर दिसंन ना? मी नाही करत."

तिनं ओले पाय तसेच आत नेले. कौसल्या घमेलं ओतून आत आली तेव्हा खाटा दूर झालेल्या होत्या. मध्ये स्टूल, स्टुलावर तांब्या. पाहुणं तर कोणी यायचं नव्हतं. कौसल्याला इतकं वाईट वाटलं की ती तशीच, वेणी न घालता, ऑफिसला निघून गेली.

शनिवारी आठवड्याच्या कार्डांचं वाचन असायचं. मधुकरराव एकेक कार्ड उचलून मोठ्यानं वाचत आणि पेटीत टाकत. कौसल्याचं कार्ड आलं. त्यांनी वाचलं, "लेस्बियन. अर्थ: जिचा जीव बाईवर जडला आहे अशी बाई." मूळ वाचलं, बेटासकट, गाण्यांसकट. उपयोगाशी आल्यावर त्यांचा आवाज थांबला. ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात वाचलं. मग कौसल्याकडे पाहिलं, मग परत वाक्याकडे. मारोतरावांनी खर्रा घोटणं थांबवलं.

"हे रचलेलं आहे की बोललेलं?" मधुकररावांनी विचारलं.

रचलेलं म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. कार्ड परिशिष्टात गेलं असतं, डॉक्टरांचा अर्थ छापला असता, आणि खाली सगळे चहाला गेले असते.

"बोललेलं," कौसल्या म्हणाली.

"कोणी?"

"मी."

मधुकररावांनी कार्ड खाली ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना हा प्रकार मुळीच आवडला नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं. पण खोटं बोलणारं कोण आणि खरं बोलणारं कोण, हे त्यांना चाळीस वर्षं वर्गात उभं राहून कळत आलं होतं. "सही नाही," ते एवढंच म्हणाले.

"द्या इकडे," मारोतराव एकदम म्हणाले. हात त्यांनी धोतराला पुसले. "मी करतो सही. मी ऐकलं म्हणून लिवतो. काय फरक पडते? बिचारीनं एवढी मेहनत केली."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. मदत म्हणूनच ते म्हणत होते. आणि कौसल्याला मोह झाला, खोटं कशाला सांगा. एक सही, आणि यमूला कळायचंसुद्धा नाही.

"नाही, मारोतराव," ती म्हणाली. "मी हे तुम्हाले नाही म्हटलं."

मारोतराव थोडे ओशाळले आणि मग, हो, तेही खरंच, असं म्हणाले. मधुकररावांनी कार्ड पेटीत टाकलं नाही आणि डॉक्टरांच्या गठ्ठ्यातही टाकलं नाही. ते टेबलाच्या कडेला ठेवून त्यांनी वर दौत ठेवली. "सोमवारी दहाला पेटी जाते," ते पुन्हा म्हणाले.

घरी आली तर यमू पिशवी भरत होती. भावाकडे जाते म्हणाली, कळमेश्वरला. कधी येशील, असं विचारायचा कौसल्याला धीर झाला नाही. यमूनंही सांगितलं नाही. फाटकाची कडी वाजली आणि ती गेली.

रविवार कौसल्यानं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. तिनं बेटावर जायचा प्रयत्न केला. बागा होत्या, पाणी होतं, खडकांवर धुणी तशीच पडलेली होती, पण बाया कुठे दिसेनात. ती त्या रिकाम्या बेटावर हिंडत राहिली. दुपारी पार्वतीबाईंनी खिडकीतून विचारलं, "बहीण गावाले गेली काय?" आणि कौसल्या हो म्हणाली. तो 'हो' म्हणताना तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती संध्याकाळपर्यंत जेवली नाही. यमू परत आली नाही तर तो शब्द घेऊन आपण काय करणार, हा विचार तिला पहिल्यांदाच सुचला. एकट्या बाईला त्या शब्दाचा काय उपयोग? कार्ड मागे घ्यावं आणि कळमेश्वरला जाऊन यमूची माफी मागावी, असं ठरवून ती झोपली.

सोमवारी ती साडेनऊलाच पोचली. मधुकरराव आधीच येऊन बसले होते. मारोतराव 'ल'ची पेटी दोरीनं बांधत होते. कौसल्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "सर, ते कार्ड मला परत द्या."

"का?"

तिनं दौतीकडे हात नेला. आणि तेवढ्यात लाकडी जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश, दर पायरीवर थोडी थांबणारी. यमू दारात आली. हातात तीच पिशवी, पायांवर धूळ, एसटीच्या गर्दीत चुरगळलेलं पातळ. थेट कळमेश्वरच्या गाडीतून उतरून आली होती. तिनं कौसल्याकडे पाहिलंच नाही. खोलीत सगळ्यात मोठं टेबल ज्यांचं होतं त्यांच्याकडे गेली.

"मी यमुना भोयर," ती म्हणाली. "सही कुठं करायची?"

मधुकरराव उठून उभे राहिले. आपली खुर्ची त्यांनी मागे सरकवली आणि तिला बसायला दिली. दौत बाजूला करून कार्ड पुढे ठेवलं. यमूनं ते ओळीवर बोट फिरवत पहिल्यापासून वाचलं, बेटापाशी जरा थांबली, आणि मग रेघेवर आपलं नाव लिहिलं. पूर्ण नाव. शेवटचं अक्षर रेघेच्या खाली उतरलं.

"भावजयीनं काल विचारलं," कोणी काही न विचारता ती म्हणाली, "दोन दिवस तर राहा ना, कायले घाई करता, तिकडं कोण आहे तुमचं? मले सांगताच आलं नाही जी. रातभर झोप नाही आली मले."

कौसल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचं तिला भान राहिलं नाही.

यमूनं कार्ड पुन्हा हातात घेतलं. "पण हे अधुरं आहे," ती म्हणाली. "ऐकणारीनं काय म्हटलं ते कुठं आहे?"

"काय म्हणालात आपण?" मधुकररावांनी विचारलं.

"तेव्हा म्हटलं, गप बस. ते नका लिवू." मग ती खुर्चीतच वळली आणि पहिल्यांदा कौसल्याकडे बघून म्हणाली, "आता म्हणून राहिली. मीबी लेस्बियनच आहे वं कौसे. माहाबी जीव तुह्यावरच आहे."

खाली रस्त्यावर रिक्षाची घंटी वाजत होती. मारोतरावांच्या हातातली दोरी सुटून पेटीचं झाकण उघडं पडलं.

मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टेबलाचा खण उघडून एक कोरं कार्ड काढलं आणि उभ्या उभ्याच, टेबलावर वाकून, आपल्या अक्षरात यमूचं वाक्य उतरवून घेतलं. 'बी' आणि 'वं'सकट, एक काना इकडेतिकडे न करता. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवलं, मोठ्यानं, शनिवारी वाचत तसं.

"बरोबर?"

"हाव," यमू म्हणाली.

"याला ऐकणाऱ्याची सही लागेल," ते म्हणाले.

मारोतराव पुढे सरसावले. कौसल्यानंही हात पुढे केला. "विचारलं मी होतं," म्हणत मधुकररावांनी दोघांनाही थांबवलं, कार्ड स्वतःकडे ओढलं आणि रेघेवर सही केली. म. वा. पांढरीपांडे. खाली तारीख घातली.

"मारोतराव, ही दोन्ही आत टाका आणि पेटी बांधा," ते म्हणाले. "छापखाना दहाला उघडतो."